मालतीच्या हातचे मांडे

मांडे भाजायचं खापर चुलीवर पालथं घालतात. फुटक्या माठाचं बूड वाटावं असं ते दिसतं, पण कुंभार ते मुद्दाम तसंच घडवतो. बूड वर, तोंड जाळाकडे.

०

माझी सून म्हणते, "आई, तुम्ही कुणाच्याही घरातून निघताना दारात अशा का घुटमळता? चप्पल घातली, पिशवी घेतली, आता राहिलंय काय?"

०

भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज. थप्. आणि लगेच त्याच्या मागोमाग, जरा हलका, आणखी एक थप्.

०

"बाकीचे दिवस तू कुठे जेवतेस?"

०

श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते पान आपल्याच पुढ्यात आलं तर कसं बसायचं असतं, ते ठाऊक नव्हतं.

०

"आत या वहिनी, अशा उंबऱ्यात नका उभ्या राहू. बसा त्या पाटावर. खापर तापायचंय अजून."

वत्सलाताईंनी चुलीत एक फाटा सरकवला आणि पदराने कपाळ पुसलं. मी नवी जरीची साडी सावरत पाटावर बसले. सकाळी नाहून, केसांत फूल माळून, हातभर बांगड्या घालून आले होते. सवाष्ण म्हणून जेवायला यायचं तर असंच यायचं, असा निरोप होता.

"मी काही करू का? कोथिंबीर निवडू?"

"छे! आज तुम्ही कशालाच हात लावायचा नाही. बघत बसा नुसत्या."

लग्न होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघं वेंगुर्ल्याकडची. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, बदली झाली ती थेट तापीकाठच्या ह्या गावात, जिथे नजर जाईल तिथे केळीच्या बागा आणि मासळी पाहायलाही नाही. भंगाळ्यांच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मधे एक भिंत, तीच पुढे मागच्या अंगणातही गेलेली.

पहिले काही दिवस मी अक्षरशः रडत जेवले. मला उकड्या तांदळाची पेज हवी असायची, बरोबर लोणच्याची एक फोड. त्याऐवजी बाजारातून मिळेल ती डाळ आणि मला नीट न जमणाऱ्या पोळ्या. मग एकदा अंगणाच्या भिंतीवरून एक हात पुढे आला. हातात ताटली, ताटलीत काळपट, जाडसर भाकरी, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर कच्चं तेल.

"कळण्याची आहे," हातामागून आवाज आला. "ज्वारी आणि सालासकट उडीद. खाऊन बघा. नाही आवडली तर म्हशीला घाला, म्हैस खाते."

म्हशीच्या वाट्याला काही आलं नाही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्याला मला कळलं की आज आपण घरची आठवण न काढता जेवतोय. त्यानंतर ती ताटली आठवड्यातून दोनतीनदा भिंत ओलांडायची. तेवढीच आमची ओळख. मला त्या घरातलं आतलं काही माहीत नव्हतं. घरमालक भाऊंची पहिली बायको, मालती, काविळीने गेली. तिची मुलगी पमी आता आठ वर्षांची. वत्सलाताई दुसरेपणावर आलेल्या. पमी त्यांना मावशी म्हणते. एवढंच.

पितृपंधरवड्यातली नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची असते. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात आणि तिने खाल्लेलं गेलेलीला पोचतं. आमच्याकडेही हे होतं, पण आमच्याकडे ती सवाष्ण म्हणजे गावातली एखादी मुरलेली बाई, जेवून, ढेकर देऊन, विडा तोंडात टाकून जाणारी. मला बोलावणं आलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, मी नाही जात. ह्यांना त्याचं काहीच नव्हतं. "जा गो. पुरणपोळी मिळतेय आयती. माझ्यासाठी एखादी पदरात लपवून आण."

तर, खापर तापलं.

वत्सलाताईंनी पुरणाचा गोळा कणकेत भरला, तळव्यावर दाबला, दोन हातांत फिरवायला सुरुवात केली. लाटणं नाही, पोळपाट नाही. गोळ्याची वाटी झाली, वाटीची ताटली झाली, मग ती ताटली त्यांच्या मनगटांवरून खाली उतरू लागली. मनगटावरून कोपराकडे. त्या हात जरासे हलवत होत्या, एखाद्याला झोपवावं तसे. पाहता पाहता पोळी दोन्ही हातांवर ओल्या पातळासारखी लोंबायला लागली, आणि तिच्यातून मला पलीकडचा चुलीचा जाळ दिसला. झपकन त्यांनी ती खापरावर टाकली. पोळी फुगली, खरपूस पुरणाचा वास सुटला. घडीवर घडी घालून त्यांनी ती टोपलीत ठेवली.

"अगंबाई! काय पातळ हो हे!"

"पातळ?" त्या हसल्या. "ह्यांना विचारा."

दुसरा गोळा हातात घेऊन त्या थांबल्या. बाहेर झोपाळ्याची कडी कुरकुरत होती. भाऊ वाट पाहत बसले होते.

"वहिनी, एक काम आहे. ह्यांना कळायला नको."

"काय?"

"जेवण झालं, ओटी भरली, की तुम्ही दाराशी जाल. तेव्हा 'येते' म्हणू नका. 'जाते' म्हणा."

मला आधी नीट कळलंच नाही. "जाते कसं म्हणू? असं कुणी म्हणतं का?"

"आज म्हणायचं. आज तुम्ही तुम्ही नाही."

"नको हो ताई. नवं लग्न आहे माझं. कपाळाला कुंकू लावून दारातून 'जाते' म्हणायचं म्हणजे…"

"तुम्हाला काही व्हायचं नाही. ते बोलणं तुमचं नाहीच. अक्काचं आहे."

"अक्का कोण?"

"मालती. माझी थोरली बहीण."

मी बघतच राहिले. "सख्खी? म्हणून पमी मावशी म्हणते होय! मला वाटलं, सावत्र म्हणून…"

"दोन्ही आहे मी," त्या म्हणाल्या आणि गोळा फिरवू लागल्या. "अक्का गेली, पोर चार वर्षांची. मग मला इथे दिली. घर माहीत, पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली, नवा माणूस नको. सगळे म्हणाले, बरं झालं."

पोळी मनगटावर उतरली.

"दर नवमीला मी सवाष्ण बोलावते. जेवू घालते पोटभर. ती जेवते आणि दारात 'येते हं' म्हणते. आपल्याला सवयच ती. मग अक्का येतेच हो. जेवायला येते आणि जातच नाही. वर्षभर इथेच. मी भाकरी थापते तर थाप दोनदा ऐकू येते. तुम्ही नाही ऐकलंत कधी? भिंतीपलीकडेच तर असता."

मी ऐकलं होतं. मला वाटायचं, आमच्या भिंतीचा पडसाद. मी नकळत आमच्या भिंतीकडे पाहिलं, आणि त्यातूनच त्यांना उत्तर मिळालं.

"मला तिची भीती नाही," वत्सलाताई म्हणाल्या. "बहीण आहे माझी. पण ती नीट गेल्याशिवाय तिची जागा रिकामी होत नाही. पोर दर वर्षी ह्या एका दिवसाची वाट बघते. आई जेवायला येणार म्हणते. उरलेले दिवस मी तिची वेणी घालते, तिचं गळकं नाक पुसते, ती तापली की उशाशी बसते, आणि ती बसते वाट बघत. एकदा जाऊ द्या अक्काला. तुम्ही बाहेरच्या आहात, तुमच्या तोंडून निघेल ते."

पोळी खापरावर पडली. त्यांच्या कोपराला चटका बसला असावा, पण त्यांनी हात झटकलासुद्धा नाही.

"बरं," मी म्हटलं.

०

माजघरात एकच पाट मांडला होता. पळसाची पत्रावळ, तांब्याचं भांडं. भिंतीवर मालतीचा फोटो, लग्नातला, मुंडावळ्यांमुळे चेहरा अर्धा झाकलेला. भाऊ समोर झोपाळ्यावर, धोतर-बंडी, आंघोळ करून ताजेतवाने. त्यांच्या पायाशी पमी, दोन घट्ट वेण्या आणि नवा फ्रॉक.

वत्सलाताईंनी माझे पाय धुतले. मी पाय मागे घेऊ लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला. मग वाढायला आल्या. भात, तूप, आंबट कढी, गिलक्याची भजी, कुरडया, अळूची भाजी, शेवयांची खीर, आमटीसारखी ती झणझणीत रसई, आणि मधोमध घडी घातलेला मांडा, ज्याने अर्धी पत्रावळ झाकली गेली.

"सुरू करा," भाऊ म्हणाले. "पहिला घास मांड्याचा. तिला तोच लागायचा."

मी मांड्याचा पदर उचलला आणि लसणीचा वास आला.

श्राद्धाच्या सैपाकात लसूण! मी घडी जरा आणखी वर केली. आत कळण्याच्या भाकरीचा चतकोर तुकडा होता, त्यावर ठेचा दाबून बसवलेला. वर पाहिलं तर वत्सलाताई तुपाची वाटी घेऊन माझ्यावर ओणवल्या होत्या. भाऊंना दिसू नये असा त्यांचा खांदा मधे आला.

"झाकून खा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "अक्काला गोड जायचंच नाही."

मग मी जेवले.

किती जेवणं जेवले त्यानंतर, पण त्या जेवणासारखं नाही. मांडा जिभेवर ठेवला की नाहीसा व्हायचा, नुसतं जायफळ आणि तूप मागे राहायचं. त्याच्यावर रसईचा भुरका. मग घडीआडून भाकरीचा तुकडा मोडायचा, तो मात्र चावावा लागायचा, दाताखाली उडदाचं साल यायचं, ठेचा टाळूला जाऊन लागायचा. पुन्हा मांडा. मला दोन्ही हवं होतं, हावरटासारखं हवं होतं. आणि मधेच लक्षात आलं, ही भूक माझी नाही. सकाळी मी पोहे खाऊन आले होते. इतकी भूक मला लागायचं काही कारण नव्हतं. हात थांबवून पाहिला. तो थांबेना.

"आवडतंय तिला," भाऊ हळूच म्हणाले. मला नाही, फोटोला.

"मला नऊचा पाढा येतो," पमी म्हणाली.

मी मान हलवली. बोलावं की नाही कळेना.

"आणि सतराचा येत नाही. बाई म्हणतात, पुढच्या वर्षी येईल." ती गुडघ्यांवर सरकत पत्रावळीजवळ आली, माझ्या तोंडाकडे बारकाईने पाहू लागली. "बाकीचे दिवस तू कुठे जेवतेस?"

झोपाळा थांबला.

"इथेच जेवते ती," वत्सलाताई भात वाढता वाढता म्हणाल्या. "माझ्या ताटात."

"मला दिसत नाही मग?"

"तू पटापटा जेवून खेळायला पळतेस. कशी दिसेल?"

भाऊ हसले. "आणखी एक मांडा वाढ त्यांना. वहिनी, घ्या. संकोच करू नका. हे जरा जाडच झालेत, पण गोड मानून घ्या. मालतीच्या हातचे तुम्ही खायला हवे होते. पेपर वाचावा असे! पोळीखाली पेपर धरला तर बातमी वाचता यायची."

"हे पण खूपच…" मी सुरुवात केली. वत्सलाताईंनी माझ्या पत्रावळीवर तूप ओतलं, गरजेपेक्षा जास्त, आणि मी पुढचा घास त्या तुपात बुडवला.

"काय करायची माहीत आहे?" भाऊंना आता रंग चढला होता. "सणाच्या दिवशी सैपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. नजर लागते म्हणायची मांड्याला. माझ्या आईलासुद्धा आत घेत नव्हती, बोला! आई दाराबाहेर बसून आरडाओरडा करायची, अगं मेले, माझंच घर नं हे! फक्त हिला आत प्रवेश. ही यायची नं सणाला बहिणीच्या मदतीला."

"मी पीठ मळून द्यायचे," वत्सलाताई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. इतकी वर्षं शेजारी बसून पीठ मळलंस, नुसतं बघून तरी शिकायचं की नाही?"

"कुठलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना येतं का ते?"

हे त्या हसून म्हणाल्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. कोपराजवळचा चटका आता लाल होऊन वर आला होता, आणि त्याच्या आजूबाजूला जुने, पांढुरके, बरेच.

०

ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. कुंकू लावताना त्यांचं बोट माझ्या कपाळावर क्षणभर जास्त टेकलं. मी उठले. जडावले होते. पदरातला नारळ सांभाळत दाराशी आले. मागे तिघंही आले. भाऊ झोपाळा सोडून उठले, पमी फ्रॉकची झालर धरून उभी, वत्सलाताई कुंकवाचं तबक घेऊन भिंतीला टेकलेल्या.

उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वळले. ओठांवर दुसराच शब्द येऊन बसला होता, जन्मभराचा. तो गिळला.

"जाते," मी म्हटलं.

अंगणात एक कावळा पत्र्यावर नखं घासत चालला होता. वत्सलाताईंनी डोळे मिटले. मी अजूनही सांगू शकते, त्या एका क्षणात माजघरातलं काहीतरी हललं. दार उघडलं की आतला धूर बाहेरच्या बाजूला झुकतो, तसं. माझ्या खांद्याजवळून काहीतरी बाहेर निघालं होतं.

"जाते म्हणू नये," पमी म्हणाली.

तिचा आवाज शाळेतल्यासारखा, स्वच्छ.

"जाते म्हणू नये, येते म्हणावं. मावशीने शिकवलंय मला. मी शाळेत जाते म्हटलं की मावशी मला परत घरात बोलावते आणि येते म्हणायला लावते." ती वत्सलाताईंकडे वळली. "हो नं मावशी? आई चुकली नं?"

"पोर बरोबर बोलते," भाऊ म्हणाले. "वहिनी, असं अभद्र बोलू नये हो. लेकुरवाळ्या व्हायचंय तुम्हाला."

मी वत्सलाताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, फोटोकडेही नाही. पमीच्या डोक्याकडे पाहत होत्या, त्या दोन घट्ट वेण्यांमधल्या सरळ भांगाकडे, जो सकाळी त्यांनीच पाडलेला होता.

"मावशी, सांग नं तिला!"

"चुकली," वत्सलाताई म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "म्हणा वहिनी."

"ताई, पण तुम्हीच…"

"म्हणा. पोर वाट बघते."

"येते," मी म्हटलं.

"येजो!" पमी म्हणाली, शेजारणीला म्हणावं तसं, आणि आत पळाली. सवाष्ण उठल्याशिवाय तिला मांडे मिळणार नव्हते.

वत्सलाताई माझ्या मागोमाग ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. मला वाटलं, त्या रागावतील, निदान काही बोलतील. त्यांनी पदराखालून केळीच्या पानात गुंडाळलेली पुरचुंडी काढली आणि माझ्या ओटीतल्या नारळाशेजारी ठेवली. "साहेबांना," म्हणाल्या. पुरचुंडी गरम होती. घरी येऊन उघडली तर मांडा, आणि मांड्याच्या घडीत भाकरीचा तुकडा.

०

त्या संध्याकाळी मी पाणी भरत होते. भिंतीपलीकडे ते तिघं जेवायला बसले होते. पितळी भांड्यांचा आवाज, पमीचं अखंड बोलणं, मग भाऊंचा तृप्त, भरलेला आवाज.

"चांगले झालेत आजचे. पण मालतीच्या हातची सर नाही ग."

"नाही," वत्सलाताई म्हणाल्या. "अक्काचे फारच पातळ व्हायचे."

"तुला आठवतं नं?"

"मला नाही तर कुणाला?"

आम्ही तिथे आणखी तीन वर्षं होतो. दर नवमीला मीच सवाष्ण. त्यांनी पुन्हा मला काही सांगितलं नाही, मी पुन्हा काही विचारलं नाही. मांडा उचलायचा, खाली भाकरी असायची. दारात मी "येते" म्हणायचे, आणि ते म्हणताना प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्या आधी वळून आत गेल्यासारखं वाटायचं.

कितीतरी वर्षांआधी, भाऊंसाठी भंगाळ्यांकडची मंडळी मुलगी पाहायला गेली तेव्हा मांड्यांचं ताट मालतीने बाहेर आणलं होतं. भाऊंच्या आईने एक मांडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि तिथल्या तिथे होकार दिला. धाकटी बहीण आत चुलीशी होती. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले होते, म्हणून तिला बाहेर बोलावलं नाही.